पोळ्याचे बैल पोतारून दार उघडण्याबाबत

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
हंगामी कला व गृहसजावट प्रदर्शन, चांदा.

विषय : स्पर्धेत नोंदवलेली भिंत व तिच्याजवळ बसलेली अर्जदार मोकळी करण्याबाबत.
संदर्भ : पाहणीची तारीख पुढे ढकलल्याचे आपले तिसरे पत्र.

महोदय,

अर्जदार कु. रंभा लटारू मोहुर्ले, इयत्ता नववी, राहणार बाबूपेठ, सविनय हकीकत सादर करते ती अशी :

१. यंदाच्या पोळ्याला अर्जदाराने घरातल्या भिंतीवर गेरू व चुन्याने बैलजोडी काढली. अख्खी बाबूपेठ पाहून गेली. शेजारच्या खातूनबींनी तर बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग काय, अर्जदाराने घरी न विचारता आपल्या प्रदर्शनाचा छापील कागद भरला आणि खाली ऐसपैस सही ठोकली. मागच्या बाजूच्या अटी वाचायच्या राहिल्या. हा दोष सर्वस्वी अर्जदाराचा.

२. भिंत पुरली नाही म्हणून दुसऱ्या बैलाचे मागचे पाय आतल्या खोलीच्या बंद दारावर गेले होते. आपले कारकून गुणवंतराव आले, खूष झाले, आणि चित्र मोडू नये म्हणून दाराला कागदी पट्टी डकवून शिक्का मारून गेले. अट सातवी म्हणते की परीक्षक येईपर्यंत कलाकाराने अकरा ते पाच कृतीजवळ हजर राहावे. शाळाही अकरा ते पाचच असते.

३. त्या खोलीत तांदूळ आहेत आणि अर्जदाराचे दप्तर. बाबा कौले सरकवून वरून आत उतरतात. भूगोल मागितला की अंकगणित वर येते, कारण आत अंधार आहे आणि बाबांना अक्षरओळख नाही. परवा पंचांग आले. त्यावरून कळले की दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली.

४. सोमवारपासून सहामाही परीक्षा आहे. अर्जदाराने हे सांगताच बाबा म्हणाले, "सहा हप्ते घरी बसली, तं का बिघडलं? आता बसूनच राह्य." रागाने म्हणाले असते तर अर्जदार भांडली असती. ते साधेपणाने म्हणाले, म्हणून अर्जदाराला झोप नाही.

५. आमच्याकडे सणागणिक भिंत पोतारतात आणि नवे चित्र काढतात. जुने शेणामातीखाली जाते. आई, गुणाबाई, कालवलेली बादली घेऊन दोनदा भिंतीपाशी आली आणि शिक्का पाहून परत गेली. काल तिथेच उभी राहून म्हणाली, "पोळ्याचे बैल पोळा सरला का घरी जातेत, रंभे. तू त्याइले काऊन बांधून ठेवून राह्यली?" बैलांच्या गळ्यातले दावेही अर्जदारानेच गेरूने काढले होते.

सबब विनंती की परीक्षक उद्या, रविवारी पाठवावेत. न आल्यास भिंत स्पर्धेतून वगळावी. बक्षिसाबद्दल अर्जदाराची तक्रार राहणार नाही. थोडे वाईट वाटेल, ते वाटू द्यावे.

हा अर्ज बाबा स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना पूर्ण वाचून दाखवला, चौथे कलमसुद्धा. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि कागद मागितला.

सोमवारी पहिल्या घंटेला अर्जदार वर्गात असेल. त्यानंतर परीक्षक आल्यास त्यांनी दारातून हाक द्यावी. आईचे हात शेणाचे असतील.

रविवारपर्यंत आपली आज्ञाधारक,
रंभा लटारू मोहुर्ले
चांदा, ता. १२ ऑक्टोबर १९५७

सोबत : दारावरची शिक्क्याची पट्टी, अखंड. (आईने ओल्या बोळ्याने आज सकाळी सोडवली. पट्टीखालचे बैलाचे पाय शाबूत आहेत. भूगोल सापडला.)