उपटलेली मर्यादवेल

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुम्ही गोळ्या घेता ना?

आई गेल्याचं कळलं, त्या दिवशीही मी कामावर गेले. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर आम्ही गवत लावतो. माझे हात आईसारखे तण उपटत सुटले. भानावर येऊन पाहते तर काय, मी मर्यादवेल उपटली होती! तिच्याच मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. आता तिथली वाळू रोज वाऱ्यावर जाते. मुकादमबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. वेल पुन्हा लावलीय, पण तिनं अजून मूळ धरलेलं नाही.

आपल्या अंगणात तण माजलं असेल. बाबा, ते कुणाला काढू देऊ नका. आईचं तेवढं काम माझ्यासाठी राहू द्या.

वेळेवर न पोचलेली,
तुमची धाकटी