ओ कोणी द्यायची

९ एप्रिल
माझे दात ज्या ग्लासात भिजत होते, त्याच ग्लासात जावयाने शिकारीत टर्की बोलवायची चकती टाकली. टाळूला चिकटवायची रबराची चकती, घोड्याच्या नालेसारखी, वर तंबाखूच्या थुंकीचा बुळबुळीत थर. सकाळी चाचपडताना आधी तीच तोंडात गेली. पाच चुळा भरल्या तरी चव जाईना.

बाकी घर चांगलं आहे. माझ्या लेकीला, लर्लीनला सातवा महिना, म्हणून काल इथे राहायला आले. खिडकीसमोर ओकच्या झाडांची टेकडी, चूल चांगली पेटते. मी मक्याचा पाव केला, ओर्बीने तीनदा मागून घेतला. जावई घाणेरडा आहे, पण खायला लाजत नाही.

११ एप्रिल
ओर्बी पहाटे पायरीवर बसून चकती चावत मादीचा आवाज काढत होता. मी विचारलं, मादी नराला बोलावतेय की उलटी काढतेय? तो म्हणाला, मिस डेल्फी, जीभ एवढी चालते तर गळाही चालवून दाखवा.

दाखवला. टर्की बोलावताना माझ्या बापाने तोंडात कधी काही घातलं नाही, मीही नाही. चार हाका दिल्या. खालचे दात सैल, त्यामुळे शेवटी बारीक शिट्टी वाजते, पण टेकडीवरच्या नराने लगेच ओ दिली. दोनदा, तीनदा. मग गप्प. ओर्बी हिरमुसला. मी म्हटलं, मूर्खा, बंदूक उचल. नर ओरडतोय तोवर जागचा हलत नाही. गप्प झाला की समजायचं, निघाला. अर्ध्या तासात कुंपणाशी आला. ओर्बीने टिपला. लर्लीन पोट धरून हसली.

१२ एप्रिल
आज मी साद घातली तर वरून मादीच बोलली. चार हाका. मी परत दिल्या, तिने परत दिल्या. तासभर चाललं. ओर्बी म्हणाला, म्हातारीला मैत्रीण मिळाली. मलाही फुशारकी चढली, खोटं कशाला लिहू.

१४ एप्रिल
तीन दिवस मी तिला ओ देतेय. आज नीट कान दिला. तिच्या हाकेच्या शेवटी शिट्टी वाजते.

टर्कीला दात नसतात.

१५ एप्रिल
सरपणाला गेले होते. ओकखाली एक ओला गोळा पडलेला. घुबड खाल्लेल्याची गोळी ओकतं तसा, पण पावाच्या लादीएवढा. पिसं, हाडं, कोणाची तरी रबरी चकती, आणि सगळ्याला चिकट लाळेच्या तारा. गरम पाण्यात बुडवलेल्या कोंबडीचा वास. तिथेच ओकले. काठीने ढकलला तर आतून वाफ आली.

ओर्बीला सांगितलं. तो म्हणाला, अस्वल असेल. अस्वल पिसांचे गोळे ओकत नाही, हे त्यालाही कळतं.

१६ एप्रिल
आज वरून ओर्बीचा खोकला ऐकू आला. तंबाखूचा, ओला. ओर्बी माझ्यासमोर कॉफी पीत होता.

मी म्हटलं, आता कोणी आवाज काढायचा नाही. आपण बोलतो तेवढं ते शिकतं. मी शिकवलं त्याला. मी. तो हसला, पण उठून खिडकी लावून आला.

१७ एप्रिल
दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. टेकडीवरून माझा आवाज आला — ओर्बी, ये, पाव गरम आहे — शिट्टीसकट. तो पुढच्या अंगणात होता. वाटलं असेल मी वर सरपणाला गेलेय. बंदूकही घेतली नाही. म्हणाला, आलो आलो. मी ओरडले, पण दोन्हीकडून मीच ओरडत होते — त्याने कुठली ऐकायची —

१८ एप्रिल
आला नाही. पोलिसांना फोन केला, माणूस उद्या पाठवतो म्हणाले.

ओकखाली नवा गोळा. पाहिला. त्याची अंगठी. बोटासकट. लाळेत. लर्लीनला सांगितलं नाही. अंगठी खिशात ठेवली. हात तीनदा धुतले, वास जात नाही.

१९ एप्रिल, सकाळ
वरून ओर्बी बोलावतोय. लर्लीन, ये गं, पाय मोडलाय. ती दाराशी धावली. मी केस धरून मागे ओढली. पोरीने मला चेटकीण म्हटलं. म्हण. मग अंगठी दाखवली. ती ओकली, मी पुसलं.

पहाटेपासून तो थांबत नाही. ये गं. ये गं.

दहा वाजता
गप्प झालंय.

कुंपणाशी वास. गरम पाण्यातली कोंबडी —

लर्लीनला तळघरात कोंडलं, ही वही फटीतून आत सरकवतेय. बंदूक भरली आहे. ते ओ देणाऱ्याकडे जातं. म्हणजे माझ्याकडे यायला हवं.

पोरी, वर काहीही ऐकू येवो. ओर्बीचा आवाज, माझा आवाज, मी रडले तरी. तो पोलिसांचा माणूस येऊन स्वतः कडी काढेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. आज ओ फक्त मी द्यायची, तू अजिबात —