वीज गेल्याची खोटी बातमी

सांगली, बुधवार

प्रिय रेश्मा,

तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. नवी मुलगी घेणार होते, पण आता माणूस लागतच नाही म्हणतात. चाचणीच्या वेळी तू भिंतीजवळ उभी राहून यंत्राचा प्लग उपसायचीस, मी पडद्याकडे बघत ‘गेली’ म्हणायचे. तू परत लावलास की ‘आली’. मध्ये तुझ्या गप्पा. आता तुझं काम मी लिहिलेला प्रोग्राम करतो. प्लगला हात न लावता तो यंत्राला खोट्या बातम्या देतो: वीज गेली, बॅटरी संपत आली, वीज परत आली. यंत्र सगळं खरं धरतं आणि ते नीट वागलं का, एवढं मी बघते. परवा सवयीनं ‘आली’ म्हणून मोठ्यानं बोलले. खोलीत मी एकटीच होते.

तासगावला अब्बांच्या शेडवर बेदाणा वाळत घातलाय, घरात सगळी गडबड. अम्मी तुझी चौकशी करते, मी ‘बरी आहे’ म्हणते. खरं काय ते मलाही ठाऊक नाही.

यंत्राबद्दल तुला लिहावं की नाही, यातच दोन दिवस गेले. पण ते तुझंही आहे, म्हणून लिहिते. कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी आपली यंत्रं गावोगावच्या दवाखान्यांत जायला निघाली होती. खोकी बांधून झाली, चाचण्या पार पडल्या, माझी सही तेवढी राहिली. सही करताना तुझं बोलणं आठवलं. तू म्हणायचीस, “आमच्या कोयनानगरला लाइट अशी सरळ जात न्हाई गं. आधी लुकलुकती, येती, मग जाती.” माझ्या प्रोग्रामला तर फक्त सरळ जाणारी वीज ठाऊक होती. मी त्याला लुकलुकायला शिकवलं. काही वेळ सगळं ठीक चाललं. मग एकदा वीज परत आल्यावर पडद्यावर तापमान बरोबर दिसत राहिलं, भोंगा गप्प, आणि बाळाला ठेवायच्या गादीवर हात ठेवला तर ती गार पडत चाललेली. मी सहीचा कागद बाजूला ठेवला.

आपले जयराज सर आधी वैतागले. म्हणाले, “अरिबा, असं प्रत्यक्षात कुठं होतं का?” मी म्हटलं, “रेश्माच्या गावाला होतं, सर.” तुझं नाव निघाल्यावर त्यांनीच कात्री मागवली. खोकी परत उघडली. दुरुस्तीला बरेच दिवस गेले. काल गाडी भरून यंत्रं रवाना झाली. सगळ्यांना पेढे वाटले. मी माझा घेऊन जागेवर येऊन बसले. हे ज्या एका माणसाला सांगायचं होतं, ते समोर नव्हतं.

तुझ्या माहेरी अर्जुनदादांना फोन केला होता. म्हणाले, “ती फोन धरत न्हाई, ताई. कुणासंगं बोलत बी न्हाई. पत्र आलं तर वाचंल.” म्हणून हे पत्र. कामावर कधी येतेस, हे विचारायला सरांनी सांगितलंय. ते मी विचारत नाही. तुझ्या लेकीला कुठल्याच यंत्रानं वाचवता आलं नसतं, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंय, आणि त्यानं काही हलकं होत नाही, हेही मला कळतं. इथं सगळे ‘तो प्रसंग’ म्हणतात, ‘झालं ते’ म्हणतात. तुझ्या मुलीला कुणी मुलगी म्हणतच नाही. तू नाव ठरवून ठेवलं होतंस, बारशालाच सांगेन म्हणून आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतंस. ते बारसं झालंच नाही. रविवारी मी कराडला बस बदलून तुझ्याकडे येते. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी नुसती शेजारी बसेन. पण जमलं तर तिचं नाव मला सांग. तिला नावानं आठवणारं तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी असू दे.

तुझीच,
अरिबा