आईच्या मागून तळ्यापर्यंत

प्रिय धाकट्या,

फोनवर सांगून मोकळी झाले असते, पण तू मध्येच तोंड घालतोस आणि मग मी भलतंच बोलून जाते. म्हणून लिहिते. शनिवारी आईला तळ्यावर नेऊन आणलं. आपलं ठरलं होतं तसंच: जंगलातली ती छोटी वाट आणि तळ्यावरचा कडा तिला झेपला, तर ती एकटी तिच्या घरात राहील, नाही झेपला, तर माझ्याकडे येईल. ती न्हाणीघरात पडल्यापासून आपण दोघं हेच घोकत होतो. तिला अर्थात यातलं काही बोलले नव्हते. जरा हवापालट करू म्हटलं, तर लगेच बूट घालून दारात उभी.

वाट सोपी आहे. उंच झाडं, खाली ओला पाचोळा, मधूनमधून वर आलेली मुळं. मी मुद्दाम थोडी मागे राहिले. पडून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हा माझा धंदा, त्यामुळे नजर आपसूक टाचांवर जाते. आई उजवा पाय किंचित ओढते, पण मुळं नीट ओलांडते, वळताना तोल जात नाही. एका ओढ्यापाशी मी हात पुढे केला, तर तिने त्यात पाण्याची बाटली ठेवली. समोरून उतरणाऱ्या एका बाईच्या महागड्या जाकिटाची बाही चुकीची बसवलीय, हे तिने त्या बाईला ऐकू जाईल अशा बेताने मला सांगितलं. जन्म शिवणयंत्रावर गेला, आता डोंगरात नेली तरी बघणार काय, तर शिवण.

तळं हिरवट आहे, फार मोठं नाही. काठावर बसून संत्री सोलली. बाबा असते तर पाण्यात दगड भिरकावत बसले असते, असं म्हणाली आणि माझं संत्रं संपायच्या आत कड्याकडे निघालीसुद्धा. चढ चांगलाच आहे. थांबत, दम खात, पण पोचली. वर कठड्याला टेकून पलीकडच्या डोंगररांगा बघत राहिली. मी मनातल्या मनात तिला पास करून टाकलं. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. माझ्याकडची खालची खोली रंगवून झाली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. ती येणार असं मी धरूनच बसले होते.

मग मागे न बघताच तिने विचारलं, झाली का गं माझी परीक्षा? तिला पहिल्यापासून सगळं कळलं होतं. म्हणाली, पास झाले तरी मी एकटी राहणार नाही. फरशीवर पडले होते तेव्हा पेपरवाला बेल वाजवून निघून गेला आणि माझ्या तोंडून हाक फुटली नाही, तेव्हाच ठरवलंय. मी म्हटलं, खोली तयारच आहे. तर म्हणाली, तुझ्याकडे नाही. तू दिवसभर माझे पाय बघत बसशील. धाकट्याचं कुठे लक्ष नसतं, त्याच्या घरी मी मला हवी तशी लंगडेन. तर ती तुझ्याकडे येतेय. तिच्या मशीनसाठी खिडकीपाशी जागा कर आणि न्यायला तूच ये. मी सोडायला येणार नाही. मला फार लागलंय ते, आणि तिच्यासमोर मला रडायचं नाही.

तुझीच,
ताई