भट्टीवर शेकलेली खंजिरी

ति. बबनराव भाऊजी यांच्या पायावर, मोरबीहून, पिंटूचं डोकं.

इकडे मी खुशाल आहे. तुम्ही, ताई, खुशी, दोन्ही बैल अन् नागोरावकाका (पेटीवाले, दुकानवाले नाही) खुशाल असाल असं धरून पुढं चालतो. तूर निघाली काय? मनगटाले तेल लावता काय? ताईले विचारलं तर ती "हो हो" म्हणते, पण ताईचं "हो हो" तुम्हाले माझ्यापेक्षा जास्त माहीत. खिशात फोन असताना हा पोट्टा पत्र कायले लिहून राह्यला, असं तुमच्या मनात आलंच असेल. तर फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता, अन् माहं एक वाक्य पुरं व्हायच्या आत "घे, ताईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता. पत्र असं मधातच दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घेजा. आमच्या वेळी आठवीपर्यंत कोणालेच नापास करत नव्हते, म्हणून मी थेट नववीत जाऊन पहिल्यांदा नापास झालो अन् शाळेवरून मन उडालं. अजून एक, हे पत्र मनातल्या मनात वाचा. तुम्हाले सगळं मोठ्यानं वाचायची सवय आहे. लाइटचं बिलसुद्धा तुम्ही चालीत वाचता, अन् मग अख्ख्या आळीले कळते.

माहं काम सध्या टाइल्सच्या फॅक्टरीत आहे. (मी "सध्या" म्हटलं की तुम्ही हसता. हसा. वणीच्या जिनिंगमध्ये माहं मन लागलं नाही, तेलंगणात बोअरच्या गाडीवर कान बसले, पुण्याच्या हॉटेलात मालक चांगला होता पण तिथली भाजी गोड होती. इथं मात्र बरा टिकलो.) भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, भाजून आलेल्या टाइल्स पाहायच्या, तडा गेलेली बाजूले काढायची. इकडं येताना तुम्ही तुमची जुनी खंजिरी माह्या पिशवीत घातली होती, परमुलखात पोट्ट्याले भजनाचा विसर पडू नये म्हणून. भाऊजी, देवाची शपथ, एक दिवस असा गेला नाही की मी ती हातात घेतली नाही. पोळ्यांवर तिचं झाकण फार चांगलं बसते.

तर झालं असं की सव्वीस जानेवारीले आमच्या सेठनं ठरवलं, फॅक्टरीच्या मैदानात झेंडावंदन झाल्यावर एकेका राज्याच्या लोकांनी आपापला नाच नाहीतर गाणं करून दाखवायचं. ओडिशाचे पोट्टे इथं मोप आहेत, युपीचे आहेत, झारखंडचे आहेत, माह्या खोलीतला देवीलाल मध्य प्रदेशाचा आहे अन् त्याचे गाववाले बाजूच्याच खोलीत आहेत. महाराष्ट्राचा मी एकटा. म्हणजे मी उठलो की महाराष्ट्र उठला, मी आंघोळ केली नाही की महाराष्ट्र पारोसा. सगळे मले लावणी कर म्हणून मागं लागले. साडीसुद्धा कोणीतरी आणतो म्हणाला. तवा मले राग आला. म्हटलं, आमच्या यवतमाळकडं या, मग तुम्हाले कळते. आमच्याकडं खंजिरी भजन असते. आमच्या भाऊजीचं मंडळ वाजवाले बसलं की बसमधले लोक खाली उतरतात, ड्रायव्हरसकट. (एकदा उतरले होते. बस बंद पडलती, पण ते मी सांगितलं नाही.) हे सगळं मॅनेजरनं ऐकलं अन् महाराष्ट्रासमोर माहं नाव टाकून मोकळा झाला.

आता भाऊजी, मंडळात माहं काम काय होतं, ते तुम्हाले माहीत. सतरंजी अंथरायची, सतरंजी झटकायची अन् मधल्या वेळात मागं बसून धृपद ओढायचं. पण तुमच्या पाठीमागं इतकी वर्षं बसलो तर थोडीफार खंजिरी अंगात उतरलीच असेल, असा माहा अंदाज होता. नाही उतरली. खोलीत मी वाजवाले बसलो तर देवीलाल दोनदा उठून दार उघडून पाहून आला, कोण आलं म्हणून. तिसऱ्यांदा तो उठला नाही अन् तवाच खरंच मॅनेजर आलता, तो बाहेर उभाच राह्यला.

मले वाटलं, दोष खंजिरीचा आहे. इकडं सकाळी थंडी असते, कातडं ढिलं पडते, आवाज भिजलेल्या पोत्यासारखा येते. अशा वेळी आपण गावात काय करतो? आंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करतो अन् खंजिरी शेकतो, पालथी-उलथी करत, मधून मधून बोट मारून पाहत. सव्वीसच्या सकाळी मी पऱ्हाटी शोधाले निघालो. मोरबीत पऱ्हाटी सापडत नाही. अन् मग मले सुचलं, (माह्या डोक्यात अशा वेळी फार लवकर उजेड पडते) की एवढी मोठी भट्टी रोज माह्या नाकासमोर असताना मी काटक्या कायले शोधून राह्यलो? भट्टीचं तोंड अन् आंगणातला जाळ यात काही फरक असू शकते, हे रोज तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या ध्यानात याले पाहिजे होतं. मी नुसती खंजिरी पुढं केली. टप्पकन आवाज झाला. तिनं आयुष्यात दिला नव्हता असा खणखणीत आवाज, अन् तो शेवटचा. कातडं मधोमध फाटलं अन् कडा पापडासारख्या वर वळल्या. सुपरवायझर वास घेत आला अन् विचारू लागला, सणाच्या दिवशी इथं मटण कोण शिजवून राह्यलं.

तिकडं झेंडा चढला, जनगणमन झालं, ओडिशावाल्यांचा नाच सुरू झाला. काय नाच होता भाऊजी! बारीक बारीक पोट्टे, अन् जमीन हालवून सोडली त्यांनी. त्यांच्या मागून झारखंड, मग युपी, मग मी. मी घरी फोन लावला. वाटलं, तुम्हीच काही तोड सांगाल. पण तुम्ही तर मंडळ घेऊन मारेगावले तहसीलच्या कार्यक्रमाले गेलते. फोन खुशीनं उचलला. मी विचारलं, तू काहून नाही गेली? ती म्हणे, ऑटोत जागा नव्हती. (जागा होती. नागोरावकाका सांगत होते की येताना तिथं मोठा कोहळा बसून आला.) मागून ताईचा आवाज आला, की खुशीच्या बाबानं सांगितलं, पोरीच्या हाती भजनाची लय पळते, चार माणसांत शोभा होईल.  माही कहाणी खुशीनं ऐकून घेतली, हसली पण नाही, अन् म्हणे, "मामा, फोनवर खंजिरी जात नाही, नुसती खटखट येते. मी वाजवून रेकॉर्ड करून टाकते. तोवर तू लोक धरून ठेव."

लोक धरून ठेवणं सोपं काम नव्हतं. फाटकी खंजिरी हातात घेऊन मी स्टेजवर उभा, अन् खिशातल्या मोबाइलवर ते गोल चक्कर फिरून राह्यलं. आपल्या गावचं नेटवर्क तुम्हाले माहीत आहे, एक फोटो जाईपर्यंत अख्खी तूर सोंगून होते. मग मी माइक धरला अन् माह्या हिंदीत भाषण सुरू केलं. म्हटलं, हा जो झेंडा तुम्ही आत्ता सलाम करून आले, तो कशाचा असते? कापडाचा. कापड सुताचं, सूत कापसाचं, अन् कापूस कोणाचा? आमच्या यवतमाळचा. पांढरी पट्टी मारेगावची, केशरी महागावची, हिरवी केळापूरकडची. (फॅक्टरीचा झेंडा चकाकत होता. तो टेरिलीनचा असावा. मी त्याच्याकडं पाहणं टाळलं.) अन् म्हटलं, आमच्या भाऊजीनं यावर स्वतः भजन बांधलं आहे, त्याचं धृपद आधी शिकून घ्या, मगच खंजिरी वाजेल. असं म्हणून मी सगळ्या मैदानाले तुमचं धृपद घोकाले लावलं. मी म्हणायचं, "झेंड्याचं सूत, कोणाच्या वावराचं?" अन् त्यांनी म्हणायचं, "माह्या वावराचं, तुह्या वावराचं." वावर हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. ओडिशाचा बिरंची पुढं येऊन विचारू लागला, वावर म्हणजे काय? म्हटलं, शेत. तो म्हणे, आमच्या बापाचंही शेत आहे, पण धानाचं आहे, आम्ही म्हटलं तर चालेल काय? मी म्हटलं, चालते. तुमचं बांधलेलं भजन आहे, तुम्हाले न विचारता मी परवानगी देऊन टाकली, तेवढं माफ करजा.

तेवढ्यात चक्कर थांबलं. मी मोबाइलची वायर स्पीकरच्या बॉक्सले जोडून दिली.

भाऊजी, पुढचं मी जरा सावकाश सांगतो. पोरीनं काय केलं होतं माहीत आहे? तिनं तुमचं अख्खं भजन वाजवलं, गायलं, अन् जिथं जिथं मागच्या लोकांनी धृपद ओढायचं असते तिथं तिथं जागा सोडली होती. नुसती मोकळी. खंजिरीची झांज तेवढी बारीक चालू. तिकडं ती आंगणात एकटी बसलेली, तिच्या मागं कोणी नाही, तरी तिनं गृहीत धरलं की मामा लोक धरून ठेवेल अन् लोक म्हणतील. अन् लोक म्हणले. सगळं मैदान "माह्या वावराचं, तुह्या वावराचं" म्हणून संपवे अन् बरोबर त्याच टोकावर तिची थाप पडे. आधी नाही, मागून नाही. पहिल्यांदा मले वाटलं, योगायोग असेल. मग दर वेळी तसंच झालं. शेवटी दुगण, म्हणजे दुप्पट लय, चालू झाली तवा कँटीनमधल्या बाया पीठाच्या हातानं बाहेर आल्या अन् सेठनं चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा लावाले सांगितलं. मग विचारलं, हा वाजवणारा बुवा कोण? मी म्हटलं, माही भाची आहे, दहावीत आहे. तो काही मानेना, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. खुशी दिसली, तुरीचा भुसा केसात, हातात खंजिरी. (ती खंजिरी कुठून आली, ते ताईले विचारजा. रागानं नका विचारू.) सगळे तिले पाहून टाळ्या वाजवून राह्यले, देवीलाल तर तिले हात जोडून राह्यला, अन् ती तिकडून विचारते काय, तर, "मामा, लय नाही ना पळाली?"

सेठ म्हणे, काय विचारून राह्यली बच्ची? मी म्हटलं, तब्येत विचारून राह्यली.

नाही पळाली, भाऊजी. मी सतरंजीवाला माणूस आहे, मले वाजवता येत नाही, हे आता फॅक्टरीलेही माहीत झालं. पण मागं बसणाऱ्याले एक गोष्ट समोरच्यापेक्षा नीट कळते, लय कुठं पळते ते. आपल्या मंडळात ती पोळ्याच्या सणापासून पळून राह्यली, अन् ती कोण्या पोरीच्या हातानं नाही. तुमचं मनगट दुखलं की हात घाई करते, अन् मागचे सगळे धावत धावत तुमच्याशी जुळवून घेतात. दिवाळीत आलतो तवा मी पण धावलो. कोणी बोलत नाही, कारण तुमच्यावर सगळ्यांचा जीव आहे. माहा पण आहे, पण मी दूर आहे, म्हणून मले लिहिता येते.

पहिला नंबर ओडिशाले भेटला, अन् बरोबर भेटला. महाराष्ट्राले उत्तेजनार्थ भिंतीवरचं घड्याळ भेटलं. आता फॅक्टरीत मले कोणी पिंटू म्हणत नाही, "ए यवतमाळ" म्हणतात. टाइलले तडा गेला की "यवतमाळ, बाजूले कर" अन् जेवाले बसलं की "यवतमाळ, भाजी वाढ." पण बरं वाटते.

बाकी ठीक. ताईले नमस्कार, नागोरावकाकाले रामराम, खुशीले आशीर्वाद.

तुमचा एकुलता एक साळा,
पिंटू

ता. क. फाटलेल्या खंजिरीचं कडं शाबूत आहे, झांजा पण. पोळ्यांवर आता ताट ठेवतो.

ता. क. २. खरं काम सांगायचं राहूनच गेलं. महाशिवरात्रीले मारेगावात भजन स्पर्धा आहे. त्यात पुढची खंजिरी खुशीच्या हाती द्या. तुम्ही नुसतं गा. तुमच्या गळ्याले काहीच झालेलं नाही, ते सगळं गाव म्हणते. गाताना हाताची काळजी नसली तर तुमचा आवाज कुठं जाईल, याचा विचार करा.

ता. क. ३. वरची विनंती मानपानासाठी लिहिली. खुशीचं नाव नागोरावकाकानं कालच देऊन टाकलं. तुम्ही नाही म्हणाले तर परत घेऊ, असं मी त्यांना बजावलं आहे. पण ते म्हणतात, शिवरात्रीपर्यंत त्यांच्या फोनले चार्जिंग राहणार नाही.

ता. क. ४. यातलं खुशीले काही माहीत नाही. तुम्ही स्वतः विचारजा. पहिल्यांदा ती नाही म्हणेल, कारण तिले वाटेल की बाबाले वाईट वाटून राह्यलं. तिथून उठून जाऊ नका. दुसऱ्यांदा विचारजा.