चिलखतात माया ठेव

चि. मृणाल हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे पप्पांचा गुडघा, माझी मान आणि दुकानातलं पायाचं मशीन, तिघंही आपापल्या जागी कुरकुरत आहेत. तुझी तब्येत कशी आहे हे मुद्दाम विचारत नाही. विचारलं की तू ‘ठीक’ एवढंच लिहितेस आणि मी त्या एका शब्दावर आठवडा काढते. (मथुराबाई म्हणतात, ‘ठीक मतलब ठीक, तुम्ही काहून उसवत बसता?’ जन्मभर हूक-काजं केलेल्या बाईने मला उसवण्याबद्दल शिकवावं, असे दिवस आलेत.) पाकीट पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि तुझ्यासाठी कोणाचा बायोडेटाही सोबत जोडलेला नाही. तू मागितलेली मापं पाठवायची आहेत, म्हणून लिहायला बसले.

तर तुझा मेसेज. गेल्या मंगळवारी मी एका नवरीच्या ब्लाउजचा गळा कापत होते, तेव्हा फोन वाजला, आणि तुझं नाव बघून माझी कात्री तशीच पुढे गेली. (नवरीचा गळा आता ठरल्यापेक्षा बोटभर खोल आहे. तिला आवडला. तिच्या सासूला आवडणार नाही.) तुम्ही ऑफिसात बनवता त्या गेममधल्या लढवय्या राणीसाठी जड काम करणाऱ्या पाच-सहा बायकांची खरी मापं हवीत, असं तू लिहिलं होतंस. खांदा, दंड, कंबर, मांडी. ऑफिसात कोणाला पटत नाही की लढणारी बाई अंगाने भरलेली असते. आणि शेवटी, ‘तुझ्याशिवाय कोण देणार?’ मृणाल, तीन वर्षांत तू मला ‘हो’, ‘नको’, ‘पोचलं’ आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ याखेरीज काही लिहिलेलं नाहीस. ते शेवटचं वाक्य मी पप्पांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, कळलं, आता डाळ बघ. डाळ जळली होती.

मग सोबतचा फोटो, म्हणजे तुझ्या साहेबांना हवी असलेली राणी, आम्ही तिघांनी दुकानात बसून पाहिला. मथुराबाईंनी फोनच्या काचेलाच टेप लावला. उंचीच्या मानाने कंबर एकोणीस इंच निघते. एकोणीस इंच कंबर मी आजवर एकदाच शिवली आहे, तुझ्या पहिलीतल्या गॅदरिंगच्या झग्याला. मथुराबाईंचा एकच प्रश्न होता, ‘हिनं खाल्लेलं जाते तं कुठी जाते व माय?’ मला चिलखताची काळजी. लढाईला निघालेल्या बाईने खांद्यांवर एवढाले लोखंडी पंखे बसवले आणि पोट मात्र उघडं टाकलं, जिथे तलवार सगळ्यात आधी लागायची. मी फोटो मोठा करकरून पाहिला. कुठे हूक नाही, नाडी नाही, चेन नाही. ही आत शिरली कुठून? बाहीचा मुंडा तर काखेत असा घट्ट कापलाय की तलवार उगारायला हात वर केला की सगळं चिलखत हाताबरोबर वर येणार, आणि मग शत्रू लढायचं सोडून (पुढचं लिहीत नाही, पत्र पप्पा वाचणार आहेत). पप्पांचं लक्ष उंच टाचांवर. म्हणाले, ह्या चपलांनी ही असीरगडच्या पहिल्या दरवाजापर्यंतसुद्धा पोचायची नाही. आमची मृणाल दुसरीत असताना शाळेच्या बुटांनी वरपर्यंत चढली होती. मग ते उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.

पण सगळ्यात वाईट मला काय वाटलं सांगू? त्या चिलखतात माया नाही. आजकालच्या मुली मार्जिन म्हणतात. शिवणीच्या आत आम्ही जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतो ते. बाई बाळंत झाली, अंगाने भरली, सुखाने चार घास जास्त जेवली, तर शिवण उसवून ब्लाउज मोठा करता यावा म्हणून. तुझ्या आजीने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की कापड कमी पडलं तर बाही आखूड कर, पण माया काढू नकोस. तुझ्या राणीने उद्या अर्धी पोळी जास्त खाल्ली तर तिने जायचं कुठे?

असो. मापं घ्यायची तर दुकानात येणाऱ्या बायका उपयोगाच्या नव्हत्या (त्यांचं सगळ्यात जड काम म्हणजे माझ्याशी शिलाईची घासाघीस), म्हणून गुरुवारी मथुराबाईंना घेऊन तापीचा पूल ओलांडून जैनाबादला गेले. तिथली रंभाबाई तुला आठवत असेल, दर लग्नसराईत सहा ब्लाउज टाकून जाणारी, हसली की दुकानाचं शटर वाजायचं. केळीची कापणी चालू होती आणि ती डोक्यावर घड घेऊन बागेतून ट्रॅक्टरपर्यंत खेपा करत होती, एकेक घड वीस-पंचवीस किलोचा, आणि वर मागच्या बाईशी भांडतही होती. मी तिच्या खांद्याला टेप लावला तेव्हा भोवती पाच बायका होत्या. खांदा लिहून होईपर्यंत बारा झाल्या. टेप आणि वही घेऊन शहरातून बाई आली म्हणजे ती सरकारचीच असणार, असा लोकांचा पक्का समज. कोणी म्हणालं फुकट ब्लाउज मिळणार, कोणी म्हणालं मशीन मिळणार, आणि अर्ध्या तासात रांग लागली, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. मी ओरडून सांगितलं की हे सगळं एका लढाईच्या खेळासाठी आहे. त्यातला लढाई हा शब्द तेवढा रांगेच्या शेपटापर्यंत पोचला, आणि तिथून बातमी परत आली की फौजेत बायकांची भरती चालू आहे. रंभाबाईची सासू धुरपदाबाई, वय सत्तरच्या पुढे, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. ‘माह्यं बी लिही. फौजेत पेन्शन राह्यते ना?’ तिचं माप घ्यावंच लागलं. (यादीत सहावी तीच. अंगात काही उरलेलं नाही, पण मनगट बघ.) मांडीच्या मापाला मात्र बायका इतक्या हसल्या की टेप माझ्या हातातच राहिला. शेवटी रंभाबाईने साडीवरूनच घेऊ दिलं, तेव्हा त्या आकड्यातून परकराचा एक इंच कमी कर.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. रंभाबाईच्या कमरेभोवती मी टेप फिरवला, आणि तिने श्वास आत ओढला. पोट आत घेतलं, मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, ‘जरा वाढली व ताई, बोलू नका.’ मृणाल, ही बाई सकाळपासून घड वाहत होती. तिचा दंड माझ्या मांडीएवढा. नवऱ्याला दारूच्या अड्ड्यावरून कॉलरला धरून घरी आणणारी बाई, आणि ती माझ्या कापडी टेपला घाबरली. मग मी बाकीच्यांकडे लक्ष दिलं. सगळ्या ओढतात. फौजेत निघालेल्या धुरपदाबाईनेसुद्धा, पोट नसताना, ओढलं. तीस वर्षं मी हे बघतेय आणि मला वाटायचं ती बायकांची सवय आहे. ती सवय नाही, ते माझं तोंड आहे. मी तिथेच बांधावर बसले. मथुराबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पाणी आणलं. पाणी पिताना पाहिलं तर रंभाबाईच्या कमरेवरचा केळीचा चीक टेपला लागला होता. चीक कधी जात नाही हे तुला माहीत आहे. चौतीसपासून अडतीसपर्यंतचे सगळे आकडे काळे झालेत.

नेमके तेच आकडे. तुला काही सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी खंडव्याचे पाहुणे दुसऱ्या दिवशी तुला बघायला येणार होते, दुकानात पाच गिऱ्हाइकं बसलेली, आणि मी तुझ्या कमरेला टेप लावला. आकडा मोठ्याने सांगायचा हा आमच्या कामाचा रिवाजच, हात गुंतलेले असतात आणि लिहिणारं माणूस दुसरं असतं. पण मी सांगितला नाही, दवंडी पिटली. लिहा मथुराबाई, कंबर अडतीस, मागच्या दिवाळीला चौतीस होती! बायका हसल्या. मीही हसले. तूही त्या वेळी श्वास आत ओढला होतास, गं. टेपमध्ये मला तो कळला होता, एवढी वर्षं टेप धरलेल्या हाताला कळतोच, तरी मी तो मनावर घेतला नाही. तू ओढणी घेतलीस, आणि सकाळच्या गाडीने पुण्याला गेलीस. (पाहुणे आले, दराबा खाल्ला, मावा जिलेबी खाल्ली, मुलगी कुठे आहे हे विचारायला बिचारे लाजले, आणि डबा भरून घेऊन गेले.) तेव्हापासून तीन दिवाळ्या तू घरी न येता फराळ पाठवायचा पत्ता कळवतेस. मी शंकरपाळे वजनाने जास्तच भरते आणि कुरियरवाला मला ओळखायला लागलाय. मला तुझी फार आठवण येते, मृणाल. दुपारी दुकान रिकामं असलं की जास्त येते. तुझ्या उंचीची कोणी मुलगी दारात उभी राहिली की मी आधी टेप उचलते आणि मग बघते.

तू तिथे साहेबांशी भांडतेस की बाईला पोट असू दे, दंड असू दे, हे मला पप्पांनी समजावून सांगितलं. त्यांना वाटलं मला कळलं नसेल. तू कोणाशी भांडतेयस ते मला चांगलं कळलं आहे. भांड. मापं सोबत जोडली आहेत, परकराचा तो इंच सोडून एकही इंच कमी करू नकोस. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींना आशीर्वाद, साहेबांना नमस्कार (राणीला हूक लागेपर्यंत कोरडाच).

तुझी,
आई

ता. क. रंभाबाईचा निरोप आहे की राणीचं पोट झाका आणि तिच्या हातात तलवारीऐवजी घड कापायचा कोयता द्या, लवकर उरकेल. धुरपदाबाई अजून फौजेच्या पत्राची वाट बघतेय. तू तिला काहीतरी शिक्का मारलेलं पाठव.

ता. क. दुसरा. मापांसाठी पत्र लिहिलं असं वर म्हटलंय ते खरं नाही. पप्पा एका मिनिटात वहीचा फोटो काढून पाठवणार होते, मीच फोन काढून घेतला. आणि यादीत रंभाबाईच्या दंडाची जागा कोरी आहे, ती विसरून राहिलेली नाही. दंडावाचून तुझी राणी तलवार कशी उचलते तेच बघते. तो आकडा जैनाबादला आहे, येऊन घे.

ता. क. तिसरा. वहीत तुझं पान वेगळं आहे, बारशाच्या झबल्यापासूनचं, दर वर्षीची शाई वेगळी. त्या दिवशीचा आकडा बघायला काल मी ते पान काढलं. आकडा नाहीच. त्या दिवशी मी ओरडून सांगितला, पण मथुराबाईंनी लिहिलाच नव्हता. तीन वर्षं त्यांनी मला हे सांगितलंही नाही. त्या कोऱ्या जागेसाठी तुझा एक मोरपंखी ब्लाउज कापून ठेवलाय, शिवलेला नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया आहे. तू ये. दुकान बंद ठेवीन. टेप मी धरीन, तू श्वास आत ओढू नकोस, आणि मी तोंड उघडणार नाही. पेन्सिल तुझ्या हातात देईन.