बाईसाहेबांचा कंगवा आणि माझी बडबड

ती. अक्का,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समजा.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? साडूंचा खोकला थांबला, की त्यांनी आणखी एक नवीन डॉक्टर शोधला? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीची तब्येत होती तशीच. उजवा हात उचलवत नाही आणि तोंडातून शब्द नाही. पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. मी धरलाय, पण कुठवर धरायचा ते कोणी सांगत नाही.

महिनाअखेरच्या रविवारी तुम्ही बाईसाहेबांना, म्हणजे आमच्या मांजराला, न्यायला येताय, हे कळलं. बरं झालं. तुमच्या ओळखीच्या शिक्षिकाबाईंना पर्शियन मांजर हवंच आहे आणि मला ते नकोच आहे, म्हणजे तक्रारीला जागा नाही. एकट्या माणसाने आजारी बायकोचं करायचं की मांजराचं, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त. पण त्या बाईंनी उद्या तुमच्या नावाने बोटं मोडायला नकोत, म्हणून या प्राण्याची खरी माहिती आधीच देऊन ठेवतो. (तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. चूक दिसली आणि गप्प बसलो, असं माझ्याच्याने होत नाही.)

तर हे मांजर मांजराची कामं करत नाही. मागच्या महिन्यात एक उंदीर तिच्या बशीला वळसा घालून गेला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे कोणीतरी आलंय, अशा नजरेने. कामधाम नसलं तरी घराणं मोठं आहे. सहा वर्षांपूर्वी हिने तिला आणलं तेव्हा सोबत एक दाखला मिळाला, त्यात चार पिढ्यांची नावं आहेत आणि पणजोबांना कुठल्याशा प्रदर्शनात पहिलं बक्षीस आहे. (मला माझ्या आजोबांपलीकडे कोणी ठाऊक नाही, आणि आजोबांना बक्षीस मिळाल्याचंही ऐकिवात नाही.) नाकाला नाक म्हणायचं ते केवळ ते नाकाच्या जागी आहे म्हणून. त्या चपट्या तोंडामुळे खोल वाटी चालत नाही, उथळ बशीच लागते. डोळे सतत पाझरतात, ते दिवसातून दोनदा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावे लागतात. पुसल्यावरही चेहरा असा की आत्ताच कोणीतरी गेल्याची बातमी आली आहे. उकाडा सोसत नाही, म्हणून पंख्याखालची जागा तिची. खुर्ची वीतभर सरकवली तर दोन दिवस अन्नत्याग. बसल्या जागी घोरते, आणि जागी असतानाही घोरते.

आता केस. ते रोज अर्धा तास विंचरायला लागतात. एक दिवस चुकला की कानामागे गुंता, दोन दिवस चुकले की काखेत, आणि आठवडा गेला की मांजराची गादी होते. हिच्या आजारपणाच्या धावपळीत पहिले दोन महिने मला कसली शुद्ध नव्हती, आणि गादी झाली. मी कात्री घेऊन बसलो तर जनावरांचे डॉक्टर माझ्यावर खेकसले. म्हणाले, गुंत्याखालची कातडी कागदासारखी असते, कापली जाईल. रोज विंचरा, नाहीतर अंगभर भादरून टाकू. भादरलेल्या बाईसाहेब डोळ्यांसमोर आल्या आणि मी मुकाट्याने कंगवा घेतला. पहिल्या तीन दिवसांत मला चार जागी चावली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारी चार वाजता ही विंचरायला बसायची, तेव्हा हिचं तोंड अखंड चालू असायचं. मी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत सटकायचो, त्यामुळे काय बोलायची ते माहीत नाही, पण मांजर मेणासारखं बसायचं. म्हणजे तिला कंगव्याबरोबर आवाज लागतो. आणि आला कोण वाट्याला, तर मी! (लग्न ठरवताना तुम्हीच विचारलं होतंत, मुलगा मुका नाही ना?) मी धुलाईयंत्राचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर चावली. वाचणं आणि बोलणं यातला फरक तिला बरोब्बर कळतो. शेवटी बोलायलाच लागलं. छापखान्यातल्या गमती, जुनं घर, आमच्या फसलेल्या सहली, जे सुचेल ते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती लिहून टाकतो. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, पेशंटशी रोज बोला, त्याशिवाय वाचा परतणं कठीण. मी मान डोलावली. पण अक्का, मी नाही बोललो. ती खाटेवरून टक लावून बघायची आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची. उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? (ती एकोणतीस वर्षं नेमकं हेच करत होती, हे मला फार उशिरा सुचलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.)

असो. मांजर खाटेचा पायथा सोडत नाही, म्हणून हे सगळं विंचरणं त्याच खोलीत चालतं. रविवारी या. टोपली, कंगवा, बशी, दाखला, सगळं बांधून ठेवतो.

आपला,
घुम्या मेहुणा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आणि टोपलीही अजून बांधलेली नाही. बुधवारी विंचरताना मी बाईसाहेबांना सांगत होतो की तुला पहिल्यांदा घरी आणलं ना, तेव्हा टोपली मीच उचलून आणली. इतक्यात खाटेच्या दांडीवर धाडकन आवाज! तुमची बहीण डावा हात आपटत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की मला धडकीच भरली. खरी गोष्ट अशी की टोपली तिने आणली होती, आणि मी छत्री घेऊन दहा पावलं पुढे चालत होतो. मी चूक कबूल केली, तेव्हा हात थांबला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं, पडद्यांचा रंग माझ्या पसंतीचा. पुन्हा हात आपटला, आणि घशातून आलं, “ना...” पुढचं अक्षर अडकलं. पण मला पुरलं. हा शब्द तिच्याकडून जन्मभर ऐकला, रडू मात्र पहिल्यांदाच आलं.

ता. क. दुसरा, आठवड्याने. शिक्षिकाबाईंना सांगा, मांजर चावतं. (खोटं नाही.) तुम्ही मात्र रविवारी याच. हल्ली मी रोज दोन-तीन गोष्टी धडधडीत चुकीच्या सांगतो. तीस वर्षं चुका हुडकणाऱ्याला हे किती जड जातं, ते तुम्हाला नाही कळायचं. बारीकसारीक चुकांना आता ती दाद देत नाही, चूक जिव्हारी लागेल अशी पाहिजे, आणि माझ्याजवळचा साठा संपत आला, कारण मी तर गॅलरीत होतो. तुम्ही दोघी एका खोलीत वाढलात, फोनवर रोज तासतासभर बोलत होतात. तेव्हा वडिलांचा चष्मा कोणी फोडला आणि मार कोणी खाल्ला, शाळेच्या नाटकात भाषण कोण विसरलं, माझ्याआधी सांगून आलेल्या त्या इंजिनिअरला नाही कोणी म्हटलं, तिने की वडिलांनी, हे सगळं सविस्तर सांगा. खरं काय ते तुम्ही सांगा, चुकवायचं माझं मी बघतो.